हिप-हॉप संगीतातील बेस

हिप-हॉप संगीतातील बेस म्हणजे या संगीतप्रकाराच्या बीटमधील सर्वांत खालच्या वारंवारतांचा भाग होय. साधारणतः २० ते २५० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी त्यात मोडतात. किक ड्रमचा ठोका, बेस गिटार किंवा सिंथेसायझरवर वाजवलेली बेसलाइन आणि ‘८०८’ या नावाने ओळखला जाणारा लांब घुमणारा स्वर हे त्याचे मुख्य घटक आहेत. हिप-हॉपमध्ये बेस केवळ साथीला नसतो. अनेक बीटमध्ये रॅपरच्या आवाजाखालोखाल तोच प्रमुख असतो, आणि ट्रॅपसारख्या उपप्रकारात तर ठेका व सुरावट ही दोन्ही कामे त्याच्याकडेच असतात. म्हणून तो भरदार ऐकू यावा आणि तरीही शब्द, स्नेअर व इतर वाद्ये त्याखाली गाडली जाऊ नयेत, हा या संगीताच्या ध्वनिमिश्रणातील पायाभूत प्रश्न ठरतो.

नवशिका निर्माता या प्रश्नाचे उत्तर बहुधा बेसची पातळी वाढवून देतो. त्याने मिश्रण फुगते, आवाज फाटतो आणि पुष्कळदा बेस पूर्वीपेक्षा दुबळाच वाटू लागतो. याची कारणे मानवी श्रवणाच्या स्वरूपात, डिजिटल ध्वनीच्या मर्यादेत आणि ऐकण्याच्या खोलीत आहेत. अनुभवी ध्वनिमिश्रक बेस वाढवण्याआधी त्याच्यासाठी जागा रिकामी करतात.

पट्टे आणि संज्ञा

व्यवहारात या भागाचे तीन पट्टे मानले जातात. सुमारे ६० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्याला सब-बेस म्हणतात. तो कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो. ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात किकचा दणका आणि बेसलाइनचे वजन असते. १२० ते २५० हर्ट्झमध्ये बेसचा ‘आकार’ कळतो, म्हणजे कोणता स्वर वाजतो आहे हे ओळखू येते. त्याच्या लगतच वर, साधारण २०० ते ४०० हर्ट्झमध्ये, जवळपास सर्व वाद्यांचे आणि पुरुषी आवाजाचेही खालचे अंश एकत्र येतात. तेथे होणाऱ्या गर्दीला स्टुडिओच्या बोलीत ‘मड’, म्हणजे चिखल, म्हणतात. या सीमा काटेकोर नाहीत आणि निरनिराळ्या पुस्तकांत त्या वेगळ्या आढळतात.

या लेखात पुढे एकच उदाहरण वापरले आहे: ‘एफ’ या मूळ स्वरावर बांधलेली, मिनिटाला १४० ठोक्यांची ट्रॅप बीट. हार्मोनियमच्या भाषेत हा स्वर पांढरी चार होय. मात्र ८०८ तो मधल्या सप्तकाच्या तीन सप्तके खाली, सुमारे ४३.७ हर्ट्झवर वाजवतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा ज्यांच्या कानात आहे त्यांना ८०८ चा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा नाद अपरिचित वाटणार नाही. दोन्हींत ठोका आणि स्वर एकाच ध्वनीत नांदतात.

इतिहास

बेसवरील भर हिप-हॉपच्या जन्मापासून आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू येथील मेजवानीत तबकड्या वाजवणारा डीजे कूल हर्क हा जमैकातील किंग्स्टन येथे जन्मलेला होता. अवाढव्य स्पीकरांच्या ‘साउंड सिस्टिम’ रस्त्यावर लावून खालच्या आवाजाच्या जोरावर गर्दी खेचण्याची जमैकन परंपरा त्याच्या परिचयाची होती.

या बेसला आज ज्या यंत्राच्या नावाने ओळखतात ते रोलँड टीआर-८०८ हे ताल-यंत्र जपानमध्ये तयार झाले आणि १९८० मध्ये बाजारात आले. रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी होते. त्याच वर्षी आलेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ढोलांचे ध्वनिमुद्रित नमुने होते आणि त्याची किंमत जवळपास ५,००० डॉलर होती. सुमारे १,२०० डॉलरच्या ८०८ मध्ये मुद्रित असे काहीच नव्हते. त्याचा किक म्हणजे विद्युत-मंडलाला दिलेला एक धक्का आणि त्यातून सुमारे ५० हर्ट्झवर उठून विरत जाणारे कंपन. खऱ्या ढोलासारखे ते वाजत नसे, आणि समकालीन वादकांना हाच त्याचा दोष वाटला. १९८३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सुमारे १२,००० यंत्रे विकली गेली. त्यातील झांजेच्या विशिष्ट सरसरीसाठी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले जात आणि तसे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाल्याने यंत्र बंद करावे लागले, असे काकेहाशी यांनी नंतर सांगितले.

वापरलेली यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागल्यावर ती तरुण निर्मात्यांच्या हाती आली. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ने (१९८२) ८०८ चा आवाज नृत्यगृहांत नेला. रिक रुबिन यांनी ठोके, आवाज आणि मोकळी जागा एवढ्याच सामग्रीवर बीट उभ्या केल्या. बीस्टी बॉइजच्या ‘पॉल रिव्हियर’मध्ये (१९८६) ८०८ चे ठोके उलटे फिरवलेले ऐकू येतात. फ्लॉरिडात याच दशकाच्या मध्यापासून मायामी बेस हा स्वतंत्र उपप्रकार वाढला. मोटारीत बसवलेले मोठे सबवूफर हीच त्याची मैफलीची जागा होती. यंत्राच्या बटणाने मिळेल त्यापेक्षा लांब घुमारा हवा म्हणून ८०८ चा किक सॅम्पलरमध्ये घेऊन निरनिराळ्या स्वरांवर वाजवण्याची पद्धत रुजली. आज ज्याला ‘८०८’ म्हणतात तो बहुधा असा सुरात लावलेला नमुना असतो आणि मूळ यंत्राशी त्याचे नाते नावापुरते उरलेले असू शकते.

न्यू यॉर्कच्या निर्मात्यांनी दुसरी वाट धरली. ई-म्यू एसपी-१२०० (१९८७) आणि रॉजर लिन यांच्या आराखड्यावरील अकाई एमपीसी६० (१९८८) या सॅम्पलरांवर जुन्या जॅझ व सोल तबकड्यांचे तुकडे घ्यायचे, लो-पास फिल्टरने त्यांतील वरचा सर्व भाग झाकायचा आणि उरलेली अंधुक बेसलाइन नव्या ठोक्यांखाली ठेवायची, अशी ही पद्धत होती. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांचा ‘द लो एंड थिअरी’ (१९९१) हा संग्रह या काळातील बेसचा आदर्श मानला जातो. त्यातील एका गीतात जॅझवादक रॉन कार्टर यांनी स्वतः डबल बेस वाजवला आहे. ध्वनिअभियंता बॉब पॉवर यांच्या कामामुळे या संग्रहात बेस मोठा असूनही प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. पश्चिम किनाऱ्यावर डॉ. ड्रे यांनी ‘द क्रॉनिक’साठी (१९९२) जुन्या बेसलाइन उचलण्याऐवजी अनेकदा वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या. त्यामुळे त्यांची पातळी आणि पोत सुरुवातीपासून हाताशी राहिला.

२००० नंतर अटलांटा शहरातून पुढे आलेल्या ट्रॅपने ८०८ ला पुन्हा मध्यभागी आणले. एफएल स्टुडिओसारख्या संगणक-प्रणालींमुळे घरातल्या खोलीत बीट तयार होऊ लागल्या. भारतात मुंबईच्या गल्ली रॅपने, विशेषतः डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ (२०१५) या गीताने, हिप-हॉपला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. पुण्याच्या एमसी स्टॅनच्या ‘तडीपार’ (२०२०) या संग्रहावर ट्रॅपचा ठसा स्पष्ट आहे. खोलीत बसून बीट करणाऱ्या आजच्या निर्मात्यापुढील अडचणी अटलांटात आणि पुण्यात एकाच आहेत, कारण त्या भौतिकशास्त्राच्या आहेत.

कान बेस कसा ऐकतो

मानवी कान सर्व वारंवारतांना सारखा प्रतिसाद देत नाही. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समश्राव्यता-वक्रांतून हे प्रथम सुस्पष्ट झाले. पुढे आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकात हे वक्र सुधारण्यात आले. त्यानुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढेच मोठे वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. आवाज मोठा केला की ही दरी आक्रसते: ८० डेसिबलच्या पातळीवर ती ३८ वरून सुमारे २२ डेसिबलांवर येते.

याचा परिणाम रोजच्या कामात दिसतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात काम करणाऱ्याला बेस कमी वाटतो आणि तो बेस वाढवत जातो. तीच बीट सकाळी मोठ्याने लावल्यावर बेस अंगावर येतो. मोठ्या आवाजात काम करणाऱ्याचे उलट होते. त्याची बीट हळू आवाजात पोकळ वाटते. म्हणून ध्वनिमिश्रक एकच मध्यम पातळी ठरवून बहुतेक निर्णय तीवर घेतात आणि अधूनमधून अगदी हळू व थोडा वेळ मोठ्याने ऐकून ताळा करतात.

कानाचा दुसरा गुणधर्म मात्र निर्मात्याच्या उपयोगी पडतो. कोणत्याही सुरेल ध्वनीत मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा संनादी वारंवारता असतात. मूळ वारंवारता प्रत्यक्षात नसली आणि केवळ संनादी ऐकू आल्या, तरी मेंदू तो मूळ स्वरच ओळखतो. टेलिफोनवर पुरुषाचा आवाज मूळ वारंवारता वगळली जाऊनही जाड वाटतो तो यामुळेच. बहुतेक मोबाइल फोनांचे स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने क्षीण होतात. आपल्या उदाहरणातला ४३.७ हर्ट्झचा स्वर तेथे उमटणारच नाही, पण २१८ हर्ट्झवरील त्याची पाचवी संनादी उमटेल. शुद्ध साइन तरंगाच्या ८०८ मध्ये मात्र संनादी जवळपास नसतातच. हेडफोनवर भूकंपासारखी वाटणारी बीट फोनवर बेसविना वाजते, त्यामागे बहुधा हे कारण असते.

पातळीची मर्यादा

डिजिटल ध्वनीत पातळीला कमाल मर्यादा असते. तिला शून्य डेसिबल मानून सर्व पातळ्या उणे आकड्यांत मोजतात. मर्यादा ओलांडणाऱ्या तरंगाचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. बेसचे तरंग मोठ्या आयामाचे असल्याने ही मोकळी जागा, म्हणजे हेडरूम, सर्वाधिक तेच खातात.

किकचा शेंडा उणे ६ डेसिबलवर आणि ८०८ चाही उणे ६ वर आहे, असे समजू. प्रत्येकाचा आयाम कमाल मर्यादेच्या जवळपास निम्मा झाला. दोन्ही एकाच क्षणी, एकाच दिशेने आले तर बेरीज थेट शून्यावर पोहोचते आणि रॅपरच्या आवाजासाठी काहीच शिल्लक राहत नाही. यावर ८०८ आणखी ६ डेसिबलांनी वाढवला तर त्याचा आयाम दुप्पट, शक्ती चौपट होते आणि एकटा ८०८ च संपूर्ण मर्यादा व्यापतो. पुढे लिमिटर लावला की प्रत्येक ठोक्याला तो सगळे मिश्रण खाली दाबतो. बेस मोठा करण्यासाठी केलेल्या उपायाने स्नेअर मऊ पडतो, शब्द मागे सरतात आणि गीत एकूणात हळू वाटते.

त्यामुळे मिश्रणाच्या सुरुवातीला सर्व पट्ट्यांची पातळी खाली ठेवून किक व ८०८ प्रथम जमवणे आणि बाकीची वाद्ये त्यांच्याभोवती चढवणे हा क्रम सोयीचा ठरतो.

किक आणि ८०८ यांचा मेळ

बेसची बहुतेक दुखणी या दोन ध्वनींच्या भांडणातून येतात. दोघांचेही मुख्य बळ ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि दोघेही बहुधा एकाच मात्रेवर पडतात. काम येथे नीट झाले तर पुढे इक्वलायझरची फारशी गरज राहत नाही.

पहिली बाब निवडीची. लांब घुमणाऱ्या ८०८ बरोबर आखूड, टकटकीत किक चालतो. त्याचा आघात २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये कळतो आणि खालचा भाग ८०८ सांभाळतो. जाड किक हवा असेल तर बेसलाइन त्याच्या वर, ८० हर्ट्झच्या आसपास बांधलेली बरी. दोन्ही जाड ध्वनी निवडून नंतर इक्वलायझरने त्यांचा समेट घडवण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

दुसरी बाब सुराची. ८०८ चा नमुना ज्या स्वरात आहे तो ओळखून बीटच्या स्वराशी जुळवला नाही, तर बेस आणि सुरावट एकमेकांत कुजबुजल्यासारखी वाटतात आणि ऐकणाऱ्याला नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. इतक्या खालच्या स्वराची उंची कानाने ठरवणे कठीण असते. नमुना एक-दोन सप्तके वर वाजवून सूर लावायचा आणि मग खाली आणायचा, ही जुनी युक्ती उपयोगी पडते. स्वर निवडतानाही तारतम्य लागते. ४१ ते ५५ हर्ट्झ हा पट्टा बहुतेक सबवूफरांना पेलतो. त्याखाली ३३ हर्ट्झच्या ‘सी’पर्यंत उतरलेली बेसलाइन मोठ्या नृत्यगृहात थरारक वाटली, तरी घरगुती स्पीकरांवर नाहीशी होते. अशा वेळी सगळी बीट दोन-तीन स्वर वर नेणे हा कोणत्याही उपकरणापेक्षा स्वस्त उपाय आहे.

तिसरी बाब लांबीची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. १४० च्या लयीत एक मात्रा सुमारे ४२९ मिलिसेकंदांची असते. ८०८ चा घुमारा त्याहून लांब असेल तर नवा स्वर सुरू होताना जुना अजून वाजत असतो. दोन जवळचे खालचे स्वर एकत्र वाजले की ते एकमेकांवर आपटून घरघर निर्माण करतात. म्हणून ८०८ ची वाहिनी एकावेळी एकच स्वर वाजवेल अशी ठेवतात आणि पुढचा ठोका येण्याआधी मागचा स्वर थोडक्यात आवरता घेतात. ठोक्यांमध्ये आलेल्या या शांततेमुळेच पुढचा ठोका मोठा वाटतो.

चौथी बाब तरंगांच्या कलेची, जिला स्टुडिओत फेज म्हणतात. ५० हर्ट्झच्या तरंगाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्याच वारंवारतेचे किक आणि ८०८ परस्परांपासून १० मिलिसेकंदांनी सरकले, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि दोघे मिळून बेस कमी करतात. दोन भक्कम ध्वनी एकत्र लावल्यावर पोकळ वाटू लागले, तर प्रथम एकाची ध्रुवता उलटून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर ८०८ काही मिलिसेकंद मागेपुढे सरकवून बेस सर्वांत भरीव वाटेल ती जागा शोधावी.

या चारही गोष्टी झाल्यावरच साइडचेन कॉम्प्रेशनकडे वळणे योग्य. यात ८०८ वर कॉम्प्रेसर लावलेला असतो, पण त्याला इशारा किक देतो. किक पडताच ८०८ क्षणभर ३ ते ६ डेसिबल खाली जातो आणि १०० ते १५० मिलिसेकंदांत परत येतो. किकला वाट मिळते आणि हेडरूमही वाचते. परतण्याचा वेळ फार लांब ठेवला तर बेस श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. काही नृत्यसंगीतात हा परिणाम हवाच असतो, हिप-हॉपमध्ये मात्र तो बहुधा खटकतो. केवळ १०० हर्ट्झच्या खालचा भाग दाबणारा डायनॅमिक इक्वलायझर वापरला तर ८०८ चा वरचा पोत अखंड राहतो.

इक्वलायझर आणि इतर वाद्यांची छाटणी

पियानो, पॅड, गिटार आणि आवाजाच्या मुद्रणातही बेसच्या पट्ट्यात काही ना काही असते: मायक्रोफोनच्या स्टँडला लागलेला धक्का, पंख्याची घरघर, सिंथेसायझरची अनावश्यक तळाची गुणगुण. एकेकटे ऐकताना ते जाणवत नाही, पण दहा वाहिन्यांवर मिळून ८०८ ची जागा अडते. म्हणून बेस नसलेल्या वाद्यांवर ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावण्याचा प्रघात आहे. या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो आंधळेपणाने पाळला की मिश्रण कागदासारखे पातळ होते. फिल्टरची सीमा वाद्य पातळ होऊ लागेपर्यंत वर न्यावी आणि तेथून थोडी मागे आणावी.

चिखलाच्या पट्ट्यात, म्हणजे २०० ते ४०० हर्ट्झमध्ये, पियानो किंवा पॅडमधून २–३ डेसिबल काढले की बेस न वाढवताही पुढे आल्यासारखा वाटतो. खुद्द ८०८ वर २५–३० हर्ट्झच्या खालचा भाग हलकेच कापतात. तेथे ऐकण्याजोगे जवळपास काहीच नसते, हेडरूम मात्र खर्च होते. कापणी फार तीव्र उताराची केली तर फेज बदलतो आणि ठोक्याची धार बोथट होते.

वाढ करायचीच असेल तर रुंद आणि सौम्य असावी. पल्टेक ईक्यूपी-१ए या जुन्या व्हॉल्व्ह इक्वलायझरची एक खुबी अजूनही अनुकरणात आहे. त्यात २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झवर वाढ व घट यांची स्वतंत्र बटणे आहेत. दोन्ही एकाच वेळी फिरवल्यास ती एकमेकांना रद्द करायला हवीत. पण दोघांचे वक्र सारखे नसल्याने खालचा भाग उचलला जातो आणि त्याच्या लगेच वर एक खळगा पडतो. वजन वाढते आणि चिखलही कमी होतो.

संपृक्ततेचा वापर

संनादींविना ८०८ लहान स्पीकरवर हरवतो, हे वर आलेच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे तरंग किंचित विकृत करणे. याला सॅच्युरेशन किंवा संपृक्तता म्हणतात. जुन्या टेप यंत्रांत आणि व्हॉल्व्ह मंडलांत ती आपोआप होत असे, आज सॉफ्टवेअरने करतात. ४३.७ हर्ट्झच्या स्वरातून ८७, १३१, १७५, २१८ अशा संनादी निर्माण होतात. पातळी न वाढवता बेस अधिक ऐकू येऊ लागतो. किंबहुना शेंडे दबल्याने तो थोडी हेडरूम परतही देतो.

येथेही अतिरेकाचा धोका आहे. सगळा ८०८ विकृत केला तर तळाची गोलाई जाते आणि संनादी रॅपरच्या आवाजाच्या पट्ट्यात घुसतात. म्हणून त्याची एक प्रत जोडीला ठेवून मूळ प्रत १०० हर्ट्झच्या खाली स्वच्छ राखतात आणि केवळ वरची प्रत विकृत करून हव्या त्या प्रमाणात मिसळतात. या विभागणीत दोन्ही प्रतींची फेज जुळलेली असणे आवश्यक आहे.

मोनो आणि स्टिरिओ

सुमारे १२० हर्ट्झच्या खालचा भाग मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या वाहिन्यांत अगदी सारखा, ठेवण्याचा संकेत तबकड्यांच्या काळातील आहे. तबकडीच्या खाचेत दोन वाहिन्यांचा फरक सुईच्या उभ्या हालचालीने नोंदला जातो. बेसमध्ये असा फरक असेल तर सुई खाचेतून उडू शकते. आज सुई नाही, पण नृत्यगृहांतील सबवूफर बहुधा मोनो असतात आणि फोनचा एकच स्पीकर दोन्ही वाहिन्यांची बेरीज करतो. रुंद वाटावा म्हणून कोरस किंवा तत्सम परिणाम लावलेला ८०८ अशा बेरजेत स्वतःलाच खोडून टाकतो. रुंदी हवी असेल तर ती वर सांगितलेल्या विकृत प्रतीला द्यावी.

खोलीचा दोष

घरात बीट करणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण त्याच्या उपकरणांत नसून त्याच्या खोलीत असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ४३.७ हर्ट्झच्या तरंगाची लांबी ७.८ मीटर होते. तो तरंग खोलीत मावतच नाही. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे असेल तेथे स्थिर तरंग उभा राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत १२ फुटांच्या दिशेने तो सुमारे ४७ हर्ट्झवर आणि १० फुटांच्या दिशेने ५६ हर्ट्झवर येतो. छताची उंचीही १० फूट असेल तर ५६ हर्ट्झवर दोन स्थिर तरंग एकत्र येऊन तो स्वर विशेष फुगतो.

अशा स्थिर तरंगाचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य असतो. लांबीच्या मध्यावर बसलेल्याला ४७ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे काळी तीनचा, स्वर ऐकूच येत नाही. बेसलाइन पांढरी चारवरून काळी तीनवर गेली की तिथे भोक पडल्यासारखे वाटते. तो ते भोक इक्वलायझरने बुजवतो. खोलीत त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून आणखी वाढवतो. पुढे तीच बीट मित्राच्या गाडीत लावल्यावर तो एकच स्वर दारांच्या पत्र्यासकट थरथरतो. चूक बीटमध्ये नव्हती, दुरुस्तीने ती बीटमध्ये आली.

भिंतींवर चिकटवलेला पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे या बाबतीत निरुपयोगी आहेत. ते फक्त वरच्या वारंवारता शोषतात, त्यामुळे बेस तुलनेने अधिकच घुमतो. कोपऱ्यांत बसवलेले खनिज लोकरीचे जाड शोषक काही प्रमाणात काम करतात. भरलेले कपाट आणि जाड गादीही थोडी मदत करते. काहीच शक्य नसेल तर बसण्याची जागा लांबीच्या मध्यावरून हलवून समोरच्या भिंतीपासून साधारण ३८ टक्के अंतरावर घ्यावी आणि बेसचे अंतिम निर्णय चांगल्या हेडफोनवर ताडून पाहावेत. ज्याचा बेस आवडतो असे प्रकाशित गीत समान पातळीला आणून आपल्या बीटशेजारी वाजवणे ही सर्वांत विश्वासार्ह चाचणी आहे. खोली दोघांनाही सारखीच फसवते, त्यामुळे उरलेला फरक खरा असतो. स्पेक्ट्रम दाखवणारा आलेख सोबतीला असावा, मात्र निर्णय कानाने घ्यावा.

अंतिम प्रत

सर्व वाहिन्यांवर मिळून लावलेला कॉम्प्रेसर बेसच्या मोठ्या आयामाला आधी प्रतिसाद देतो आणि प्रत्येक ८०८ ला शब्दही खाली दाबतो. म्हणून त्याच्या संवेदक भागात हाय-पास फिल्टर चालू ठेवतात, ज्यायोगे तो बेसकडे कानाडोळा करतो.

गीत अधिकाधिक मोठे करण्याची चढाओढ आता बरीचशी निरर्थक झाली आहे. प्रसारण-सेवा सर्व गीते सारख्या श्राव्यतेला आणतात. स्पॉटिफायचे नेहमीचे लक्ष्य उणे १४ एलयूएफएस आहे. ही मोजणी ज्या आयटीयू-आर बीएस.१७७० मानकानुसार होते, त्यात खोल बेसचे वजन कमी धरलेले असते, पण लिमिटर त्याला पूर्ण आयामाने मोजतो. लिमिटरखाली चिरडलेली बीट प्रसारणात खाली आणली जाते आणि तिचे बोथट झालेले ठोके तेवढे शिल्लक राहतात. ठोक्यांना मोकळीक दिलेली बीट मात्र त्याच श्राव्यतेवर अधिक दणकट वाटते. एमपी३ किंवा तत्सम संपीडनात शेंडे किंचित वर सरकतात, म्हणून अंतिम प्रतीचा खरा शेंडा उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत.